बिननावाच्या पाट्या

"नावं कामून नाय टाकली हिनं?"

गच्चीच्या जिन्यात मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होते, आणि वरून पप्पांचा आवाज आला. ते मम्मीशी बोलत होते. मम्मी उन्हात बसून तूर पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला आणि ती म्हणाली, "मला काय विचारता? जिचं चित्र हाय तिला विचारा."

"तिला विचारून काय उपेग? ती बोलती का?"

"मग ऱ्हाऊ द्या."

"खालच्या रंगाचं अस्तर तर झकास बसवलंय. पाट्या बी जागच्या जागी हायेत. अक्षरं तेवढी ऱ्हायलीत." मग ते चित्राजवळ गेले असावेत, कारण पुढचं वाक्य पत्र्याच्या शेडमधून घुमत आलं. "घाई झाली आसंल पोरीला."

मी वर गेले नाही. जिन्यातच थांबले. पप्पा खाली उतरले, अंग चोरून माझ्या बाजूने गेले, आणि जाताना म्हणाले, "बादली जड हाय का गं?" मी मान हलवली. माझ्या वडिलांशी त्या वर्षभरात माझं जे बोलणं झालं असेल, त्यातलं निम्मं या मापाचं होतं.

चित्र गुलमंडीचं होतं, सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराचं. अडीच फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास आणि तैलरंग. वरच्या मजल्यावरून दिसणारा रस्ता, डावीकडच्या दुकानांवर ऊन आलेलं, उजवीकडची अजून सावलीत, मधून माणसं, रिक्षा, दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल, बुरख्यातल्या दोघी, आणि दुकानांच्या डोक्यावर ओळीने पाट्या. मी सांगते आहे म्हणून हे सगळं त्यात होतं. चित्रात नुसते रंगाचे फटकारे होते. नाकाजवळ धरलं तर काहीच कळायचं नाही. आठ-दहा पावलं मागे गेलं की रस्ता चालू लागायचा. बुरख्यातल्या दोघी म्हणजे गडद निळ्याचे दोन उभे फटके आणि पायाशी नारिंगीचा एक ठिपका. पाट्या म्हणजे पिवळे, लाल, फिकट हिरवे आडवे पट्टे. कॉलेजातले आमचे सर ते पाहायला आठ-दहा पावलं मागे गेले. मग चष्मा काढून म्हणाले, "प्रज्ञा, आता याला हात लावायचा नाही. एक फटकारा जास्त झाला की मरेल हे." दरवर्षीच्या प्रदर्शनात आमच्या वर्गातली चारच चित्रं मोठ्या हॉलच्या भिंतीवर लागत. त्या वर्षी त्या चारांत माझं एक होतं. सोमवारी सकाळी दहाला ते कॉलेजात पोचवायचं होतं. त्या प्रदर्शनात मला बक्षीस वगैरे काही मिळालं नाही, हे आताच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या आदल्या दिवसाचं.

आमचं घर उस्मानपुऱ्यात, दोन खोल्यांचं. वर गच्ची आणि गच्चीत पत्र्याची शेड. शेडमध्ये पप्पांचं काम चाले. ते पाट्या रंगवायचे. पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंत त्यांना नावाने ओळखणारी माणसं थोडी, 'पेंटर' म्हणून ओळखणारी सगळी. माझ्या लहानपणी शेडमध्ये कायम चार-पाच पाट्या भिंतीला टेकलेल्या असत, आणि घराला थिनरचा वास होता. बाहेरचं कुणी आलं की नाकाला रुमाल लावायचं; आम्हाला तो वास येतच नसे. रविवारी सकाळी मला जाग यायची ती दोरीच्या आवाजाने. पाटीवर अक्षरांच्या ओळी आखायला पप्पा दोरीला खडूची पूड लावायचे, दोन्ही टोकं ताणून धरायचे आणि मधे चिमटीत उचलून सोडायचे. टप्प! एक पांढरी सरळ रेघ. मग खाली दुसरी. टप्प! त्यानंतर मम्मीच्या सुशीलेची फोडणी. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा आमच्याकडचा नाश्ता, दाण्याचं कूट घातलेला. अजूनही कुठे मोहरी तडतडली की तिच्या आधी दोरीचा आवाज यायला हवा होता असं मला वाटतं.

मराठी वाचायला मी त्या शेडमध्येच शिकले. पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि तिथे मराठी हा विषय आठवड्यातून तीन तासांचा, कसाबसा उरकायचा. शाळेत इंग्रजीत बोलायचं, घरी सगळे मराठवाड्याचं बोलणार, आणि माझी मराठी पुस्तकातली, ठेचकाळणारी. आत्या फुलंब्रीहून आली की म्हणायची, "बोल की गं म्याडम." सगळे हसायचे. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी बोलणं कमी करत गेले. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून, घरी मराठी हसण्यावारी जाईल म्हणून. पुढे त्याची सवयच झाली. मी गप्प राहिले की घरात ते 'हो' धरलं जायचं. भाजी वाढू का? गप्प, म्हणजे वाढ. मामाकडे जायचं का? गप्प, म्हणजे चला. मलाही ते सोयीचं होतं. (हे मी मराठीत लिहिते आहे, तेही वहीभर, हे वाचून आत्या काय म्हणेल ते मला माहीत आहे.)

मी कॉलेजात गेले तोवर शेड बरीच रिकामी झाली होती. छापील फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस वस्तीतल्या भिंती आणि कमानी पप्पांकडे असत, तेव्हा ते रात्री जेमतेम चार तास झोपत, बाकी सगळा वेळ काम करत आणि खुशीत असत. एरवी वाळूजच्या कारखान्यांत जाऊन जमिनीवर पिवळे पट्टे आणि भिंतीवर 'हेल्मेट घाला' लिहायचे. तक्रार कधी केली नाही. फक्त रस्त्याने जाताना एखादा फाटका फ्लेक्स फडफडताना दिसला की गाडी जरा हळू करायचे.

आम्ही दोघं एकाच शेडमध्ये रंग कालवत होतो, पण आमचे रंग वेगळे होते. त्यांचा ऑईलपेंट सकाळी लावला की संध्याकाळी खडखडीत वाळलेला. माझे तैलरंग आठवडा झाला तरी बोटाला लागायचे. "आजून वलंच?" ते रोज विचारायचे. माझ्या रंगात घालायचं तेल जवसाचं असतं हे मम्मीला कळलं तेव्हा तिने बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि म्हणाली, "आगं माय, ह्ये तर चटणीचं जवस! भाकरीवर घालायचं ते चित्राला घालती का?" दोन दिवस ती ज्याला त्याला हे सांगत होती. पप्पांना मात्र माझ्या पेटीतलं एक रिकामं घर खटकलं.

"काळा कुठंय?"

"सरांनी वापरू नका म्हटलंय," मी म्हणाले.

"काळा नाय? मंग सावली कशानं दाखवायची?"

उत्तर माझ्याकडे होतं. सावली काळी नसते, पप्पा. सकाळी गुलमंडीवर उजव्या बाजूची सावली जांभळी असते, निळी असते, पिवळ्या भिंतीजवळ तर चक्क हिरवी असते. डोळे अर्धवट मिटून बघा. हे सगळं मला म्हणायचं होतं. मी ब्रश पुसत राहिले. ते म्हणाले, "आसंल बाबा. शिकलेल्या लोकांचं येगळं आसतं," आणि आपल्या डब्यातला काळा ढवळू लागले. पप्पांच्या प्रत्येक अक्षराच्या उजव्या बाजूला बारीक काळी सावली असायची. तीच त्यांची खूण होती.

गुलमंडीवर बसायची जागाही त्यांनीच मिळवून दिली. रस्त्यात उभं राहून चित्र काढणं मला शक्य नव्हतं. एकदा औरंगपुऱ्यात प्रयत्न केला होता, तर पाच मिनिटांत वीस जण जमले, त्यातल्या एकाने माझ्याकडे स्वतःचंच पोर्ट्रेट काढून मागितलं, आणि मी सामान गोळा करून पळाले. मी घरी काही सांगितलं नव्हतं, पण दोन दिवसांनी पप्पा म्हणाले, "गाडीवर बस." रशीद चाचांचं बांगड्यांचं दुकान गुलमंडीच्या कोपऱ्यावर होतं, वर त्यांचा माल ठेवायचा माळा, आणि माळ्याला रस्त्याकडे मोठी खिडकी. दुकानाची पाटी पप्पांची. बावीस वर्षांपूर्वीची, आणि चाचांनी ती बदलू दिली नव्हती.

"अरे पेंटर, ये तेरी बेटी? ये तो बोलतीच नै!"

"बोलती चाचा. मनातल्या मनात."

"हौ, हौ. बैठ बेटा. ऊपर कोई नै आता. सिरफ चुड्यां."

बारा सकाळी मी त्या खिडकीत बसले. भोवती बांगड्यांचे खोके, खाली शटर उघडण्याचा खडखडाट, कुणीतरी दुकानापुढे पाणी मारतंय, पलीकडच्या हॉटेलात इमरतीची कढई तापतेय, आणि साडेआठला ऊन समोरच्या गच्चीवरून उतरून पहिल्या पाटीला लागायचं. तिथून अर्धा तास माझा. अर्ध्या तासानंतर सावल्या सरकायच्या आणि मग चित्र खोटं व्हायला लागायचं, म्हणून मी ब्रश ठेवून द्यायचे. चाचा नऊच्या सुमाराला चहा घेऊन वर यायचे आणि चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

"इसमें मेरी दुकान किदर है?"

मी बोट दाखवलं. खिडकीखालून पुढे आलेली त्यांची पाटी कोपऱ्यात थोडी आली होती.

"ये? ये तो पीला धब्बा है बेटा!" आणि खाली जाऊन गिऱ्हाइकाला सांगायचे, "ऊपर पेंटर की लडकी मेरेकू धब्बा बना रई."

त्या बारा सकाळींत माझं काय झालं हे तेव्हा मला कुणाला सांगता आलं नसतं. पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी रस्ता बघत नाही, वाचते. मी चालायला लागल्यापासून शहर वाचत आले होते. ही पप्पांची, ही दुसऱ्या कुणाची, याचा 'क' पोटात बारीक, याची वेलांटी आखूड. आणि त्या खिडकीत सरांनी सांगितल्याप्रमाणे डोळे अर्धे मिटले, आणि अक्षरं गेली. सगळी गेली. उरला तो उन्हातला पिवळा आणि त्याच्या शेजारी थरथरणारा जांभळा. कुणाची पाटी, चांगली की वाईट, नवी की जुनी, काही नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी गुलमंडी पाहिली. घरी येताना गाडीवर मागे बसून मी डोळे अर्धे मिटूनच आले. त्या पाट्यांवर नावं घालायची राहून गेली नव्हती. नावं नव्हती म्हणूनच ते माझं चित्र होतं.

जिन्यात ते बोलणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी शेडमध्ये ब्रश धूत होते. पप्पा दारात येऊन उभे राहिले. हातात चहाचा कप होता आणि तो ते पीत नव्हते.

"प्रज्ञा, त्या पाट्यांवर मी टाकू का नावं? बारीक काम हाय, पण माझा तीन नंबरचा ब्रश हाय ना, त्यानं व्हतंय."

नळ चालू होता. मी तो बंद केला नाही. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर बारा सकाळी सांगाव्या लागल्या असत्या, आणि कुठल्या भाषेत सांगू हेच मला कळेना. खरंच टाकणार नाहीत, असंही वाटलं. त्यांना माहीत आहे की चित्र सोमवारी जायचंय. मी ब्रश हातावर घासत राहिले. ते थोडा वेळ थांबले, मग चहाचा घोट घेतला आणि गेले.

शनिवारी सकाळी मम्मी आणि मी फुलंब्रीला गेलो. आत्याच्या दिराच्या मुलीचं लग्न होतं; पप्पा काम आहे म्हणून घरीच राहिले. एक रात्र राहून रविवारी दुपारी परत. लग्नाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की येसरची आमटी फार चांगली झाली होती, आणि आत्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं की म्याडमचं चित्र मोठ्या हॉलात लागणार आहे. मला लाज वाटली, पण आतून बरंही वाटलं. एसटीत येताना मी मनातल्या मनात चित्र भिंतीवर लावून पाहत होते, किती उंचीवर, कुठून उजेड येईल.

घरी आलो तर मम्मी आधी स्वयंपाकघरात गेली. शनिवारी करून ठेवलेलं पिठलं पातेल्यात तसंच होतं, वर साय धरल्यासारखं वाळलेलं. भाकरी फडक्यात. "जेवला नाय माणूस," ती म्हणाली. "दोन दिस काय केलं म्हणावं ह्यानं?" वरून पप्पांचा आवाज आला, "आल्या का? वर या, वर या!"

मी जिना चढताना मला काही कळलं नव्हतं. शेडच्या दारात आले तेव्हा कळलं, कारण दारातूनच मला चित्र वाचता आलं.

प्रत्येक पाटीवर नाव होतं. पिवळ्यावर लाल, लालवर पांढरं, हिरव्यावर पिवळं, आणि प्रत्येक अक्षराच्या उजव्या बाजूला केसाएवढी काळी सावली. मराठीत, उर्दूत, एक-दोन इंग्रजीत. सर्वात मोठं अक्षर माझ्या नखाएवढं. मी पुष्कळ सुलेखन पाहिलं आहे, शिकवतेही आता. इतक्या लहान मापात इतकं अचूक काम मी त्यानंतर पाहिलेलं नाही. आणि त्याच्यामागे माझा रस्ता मेला होता. रिक्षा डाग झाली होती. बुरख्यातल्या दोघी म्हणजे दोन फटके, अर्धवट, कुणीतरी विसरून गेलेले. डोळे अर्धे मिटून पाहिलं तरी अक्षरं जात नव्हती.

"बघ," पप्पा म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. "काल दुपारच्याला गुलमंडीवर जाऊन आलो. कोण कुठं हाय ते सगळं लिवून आणलं. पण मंग म्हणलं, ह्या फ्लेक्सवाल्यांची नावं टाकून काय करायचं? सा म्हैन्यात फाटत्यात. जुनी टाकली. मी लिवलेली."

तेव्हा मी नीट वाचलं. मोबाईलच्या दुकानाच्या जागी घड्याळांचं दुकान होतं. कपड्यांच्या शोरूमच्या जागी एक दवाखाना, एक शिंपी आणि एक वह्यांचं दुकान. त्यातली निम्मी दुकानं मला आठवतही नव्हती. बारा सकाळी मी त्या रस्त्याकडे बघत होते, आणि त्या रस्त्यावर त्यांना हे दिसत होतं.

"तू माझ्यासाठीच सोडलं व्हतं ना त्येवढं?" ते म्हणाले. "मी म्हणलं मम्मीला, अस्तर आसं मुद्दाम कोण बसवतं. पोरगी बोलत नाय, पण बापाला जागा ठिवती."

मम्मी माझ्या मागे येऊन उभी होती. ती चित्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पप्पांना म्हणाली, "आधी खाली चला. दोन घास खा." आणि त्यांना घेऊन गेली. जाताना माझ्या दंडाला हात लावून गेली.

दुपारचे दोन वाजले होते. मी शेडचं दार लोटून घेतलं. मला रडू आलं नाही. मी हिशेबी झाले, जशी मी घाबरल्यावर होते. माझा रंग बारा-तेरा दिवसांचा, वरून साय धरलेला, आतून ओला. त्यावरचा त्यांचा ऑईलपेंट काल रात्रीचा आणि आजचा, खालच्या ओलीमुळे अजून मऊ. संध्याकाळपर्यंत तो कडक होणार, उद्या सकाळी निघणारच नाही. मी फडकं टर्पेंटाईनमध्ये बुडवलं आणि सगळ्यात कोपऱ्यातली पाटी पुसून पाहिली, रशीद चाचांची. अक्षरं निघाली. त्यांच्याबरोबर खालचा पिवळाही निघाला, लाल आणि काळा त्यात मिसळला, आणि पाटीच्या जागी चिखल राहिला. मी दुसऱ्या फडक्याने तो सावरायला गेले तर चिखल वाढला. मग मी थांबले आणि स्टुलावर बसले.

खाली भांड्यांचा आवाज येत होता. मम्मी काहीतरी हळू आवाजात बोलत होती, पप्पा हसले. आज मी त्यांच्या जागी बसून पाहते तेव्हा मला त्या हसण्याचा राग येत नाही, पण त्या दिवशी आला. आणि रागाच्या मागोमाग एक साधी गोष्ट लक्षात आली. काहीच न बोलता चित्र असंच सोमवारी नेता येईल. सर काय म्हणायचं ते म्हणतील, वर्गातली मुलं हसतील, पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलात येतील आणि समोर उभे राहून सगळ्यांना नावं वाचून दाखवतील. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला येत होतं. तसं झालं असतं तर ते चित्र कायमचं त्यांचं झालं असतं, आणि मी परत कधी त्या खिडकीत बसले असते की नाही, माहीत नाही.

किंवा ती नावं काढायची. पण माझ्या हाताने ती निघत नव्हती. आणि हे काम ज्याला येतं असा शहरात एकच माणूस मला माहीत होता. दोन भावांचं दुकान फुटलं की त्यातला एक भाऊ पप्पांना बोलवायचा. सगळी पाटी नव्याने रंगवायची नाही, फक्त दुसऱ्याचं नाव काढायचं. पप्पा बोटाला फडक्याची घट्ट पट्टी गुंडाळायचे, तिला रॉकेलचा नुसता वास लागेल इतपत ओल द्यायचे, आणि अक्षराच्या मधून कडेकडे असं एकेक वळण उचलून घ्यायचे. प्रत्येक वळणाला पट्टी बदलायची. खालचा रंग जागचा हलायचा नाही. शेजारचं नाव शाबूत. मी लहानपणी ते बघत बसायचे. एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही वाटत, स्वतः लिहिलेलं काढायला? ते म्हणाले होते, दुकान त्यांचं हाय. पण ही नावं दुकानदारांची नव्हती. ही त्यांची होती.

जिन्यात पावलं वाजली. मी चिखलाचं फडकं मुठीत धरलं. पप्पा दारात आले, जेवून, तोंड धुऊन, कानामागे तीन नंबरचा ब्रश. त्यांची नजर सरळ कोपऱ्यात गेली. अक्षरांत काही बिघडलं असेल तर त्यांना दाखवावं लागत नसे.

"आरं, चाचाची पाटी फिसकटली का?" ते वाकून जवळ गेले. माझ्या मुठीकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. "वल्यावर हात लागला आसंल. काय नाय, काय नाय. आत्ता देतो परत घालून. पाच मिन्टाचं काम."

त्यांनी लाल डब्याचं झाकण उघडलं. ब्रश कानामागून काढला, टोक ओठांनी सरळ केलं, रंगात टेकवलं आणि डब्याच्या कडेवर एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून निथळवलं. डावा हात कॅनव्हासच्या कडेवर ठेवला, त्यावर उजव्याचं मनगट टेकलं, तसं ते नेहमी टेकत. ब्रशचं टोक पाटीपासून बोटभर अंतरावर आलं.  मी स्टुलावरून उठले आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि वाट पाहिली, आणि या वेळी मी गप्प राहिले असते तर त्याचा काय अर्थ झाला असता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"पप्पा, नका घालू," मी म्हणाले. "सगळीच नावं काढायची आहेत. हा रस्ता मला नावांशिवाय दिसला होता. माझ्या हातानं ती नीट निघत नाहीत. तुम्ही काढून द्या."